विदर्भाच्या उन्हाळ्यात हिरवा चाफा: आडोशाच्या अंगणात सदाहरित वेल वाढवण्याची पद्धत

हिरवा चाफा ही दमट हवेतली वेल आहे, ती कोकणात नाहीतर गोव्यात शोभते, आपल्याकडच्या उन्हात ती टिकायची नाही, असे विदर्भातल्या रोपवाटिकांमध्ये चौकशी करणाऱ्याला पुष्कळदा सांगितले जाते. या सांगण्यात तथ्य आहे ते इतकेच, की उघड्या आवारात, पश्चिमेच्या वाऱ्याच्या तोंडावर, काळ्या जमिनीत सरळ खड्डा करून लावलेले रोप पहिल्याच मे महिन्यात करपते. मात्र जुन्या घरांच्या आतल्या अंगणात, विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या वाडीतल्या, आंब्याच्या सावलीच्या कडेला लावलेल्या वेली वऱ्हाडातही वर्षानुवर्षे हिरव्या राहतात आणि भरपूर फुलतात. या वेलीचे यश पाण्याच्या बादल्यांपेक्षा जागेच्या निवडीवर अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणून या लेखात जागा व जमीन यांवर सर्वांत जास्त लिहिले आहे.

वेलीची ओळख

हिरव्या चाफ्याचे शास्त्रीय नाव आर्टाबोट्रिस हेक्सापेटालस असे असून तो सीताफळ आणि रामफळ यांच्या कुळातला आहे. सोनचाफा आणि देवळापुढचा पांढरा चाफा ही वेगळ्या कुळांतली झाडे आहेत. त्याचे मूळ स्थान दक्षिण भारत व श्रीलंका हे मानले जाते. पाने लांबट, टोकदार, वरून चकचकीत आणि साधारण वीतभर लांब असतात आणि ती बाराही महिने वेलीवर राहतात. फुलाला जाडसर सहा पाकळ्या असतात, तीन बाहेर आणि तीन आत. सुरुवातीला फूल पानांच्याच रंगाचे असल्यामुळे ते डोळ्यांना सापडत नाही, आणि पुढे जसजसे ते पिवळे होत जाते तसतसा त्याला पिकलेल्या फळासारखा गोड व तीव्र सुवास येऊ लागतो.

या वेलीला काकडीसारखे ताणे नसतात आणि ती गारवेलीप्रमाणे स्वतःला आधाराभोवती गुंडाळूनही घेत नाही. तिच्या फुलाचा देठच जाड होऊन आकड्यासारखा वाकतो, त्या आकड्याने ती शेजारची फांदी किंवा तार पकडते, आणि फुले येतात तीही या आकड्यांवरच. छाटणीची आणि बांधणीची सगळी पद्धत या एका गोष्टीवरून ठरते, म्हणून ती आरंभीच नीट ध्यानात घ्यावी. जुन्या वेलीच्या खोडावर आणि जाड फांद्यांवर काटेही येतात, त्यामुळे लहान मुले जिथून धावत ये-जा करतात अशा अरुंद वाटेवर ही वेल लावू नये.

जागा: आधी आडोसा, मग रोप

मार्चच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत विदर्भात जो कोरडा, तापलेला वारा वाहतो, तो या वेलीचा खरा शत्रू आहे. नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोला या भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणे ही दरवर्षीची गोष्ट आहे. परंतु तेवढ्याच तापमानात वारा अडवलेल्या अंगणातली वेल तग धरते आणि उघड्या धुऱ्याजवळची (शेताच्या बांधाजवळची) वेल वाळते. मोठ्या आणि पातळ पानांतून वारा जितके पाणी ओढून घेतो तितके मुळे वर पोहोचवू शकत नाहीत, मग माती ओली असतानाही पानांच्या कडा तांबूस होऊन करपतात. अशा वेळी जास्त पाणी ओतण्याने उपयोग होत नाही, उलट मुळे कुजण्याची भीती वाढते.

म्हणून घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू निवडावी, जिथे सकाळचे ऊन दहा-अकरा वाजेपर्यंत मिळेल आणि दुपारी घराची, भिंतीची किंवा मोठ्या झाडाची सावली येईल. पूर्ण सावलीत वेल हिरवीगार राहते, मात्र फुले फार कमी देते, तेव्हा निदान चार तासांचे कोवळे ऊन हवेच. पश्चिमेकडे तोंड असलेली सिमेंटची किंवा टिनाची भिंत पूर्णपणे टाळावी, कारण ती दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते. कडुलिंब, आंबा किंवा चिंच यांच्या सावलीचा लाभ घ्यायचा असल्यास खोडापासून बरेच दूर, सावलीची कड जिथे पडते तिथे वेल लावावी, म्हणजे मोठ्या झाडाची मुळे तिच्या तोंडचे पाणी पळवणार नाहीत.

नैसर्गिक आडोसा नसेल तर तो वर्षभर आधीपासून तयार करता येतो. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला दीड-दोन मीटर अंतरावर शेवग्याची किंवा शेवरीची दाट ओळ पावसाळ्यात लावली, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वारा बऱ्यापैकी अडतो. पहिल्या वर्षी वेलीच्या पश्चिमेला तुरीच्या दोन ओळी पेरण्याचाही चांगला उपयोग होतो, कारण तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते आणि काढणीनंतर तिच्या तुराट्या कूड बांधायला कामाला येतात. कुडासाठी पऱ्हाटी वापरण्याचा मोह मात्र आवरावा. कपाशीच्या वाळलेल्या झाडांवर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि अंगणात पऱ्हाट्या साठवणे म्हणजे आपल्याच नव्हे तर शेजाऱ्याच्याही पुढच्या हंगामाच्या कपाशीला धोका निर्माण करणे होय. तुराट्या किंवा बांबूचे तट्टे पुरेसे असतात.

घराच्या भिंतीपासून किमान सव्वा मीटर अंतर ठेवावे, हेही इथे सांगितले पाहिजे. काळी माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते, आणि पायव्याला लागूनच रोज पाणी पडत राहिले तर ही हालचाल भिंतीला तडे पाडते. मातीच्या भिंतींना तर ओल सरळच वर चढते.

जमीन: काळ्या मातीत खोल खड्डा का करू नये

विदर्भातली जमीन एका प्रकारची नाही. बुलढाण्यापासून वर्धा-नागपूरपर्यंतच्या पट्ट्यात बहुतांश काळी, चिकट, चुनखडीचा अंश असलेली माती आहे, तर भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी ती हलकी आणि तांबूस किंवा पिवळसर आहे. हिरव्या चाफ्याला भुसभुशीत, सेंद्रिय खताने भरलेली, पाणी धरणारी पण साचू न देणारी आणि किंचित आम्लधर्मी ते उदासीन माती आवडते. हलक्या जमिनीत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून त्यात शेणखत मिसळले की काम भागते, आणि तिथे मालगुजारी तलावाचा (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतळ्याचा) कोरडा गाळ थोडा मिसळला तर उन्हाळ्यातला ओलावा जास्त दिवस टिकतो.

काळ्या जमिनीत मात्र हीच पद्धत घातक ठरते. चिकण मातीत खोल खड्डा करून तो वाळू, मुरूम आणि खताच्या भुसभुशीत मिश्रणाने भरला, तर आजूबाजूच्या घट्ट मातीतून पाणी झिरपत नाही आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत तो खड्डा हौदासारखा भरून राहतो. तळाशी विटांचे तुकडे किंवा गिट्टी घातल्याने पाणी निघून जाते हा समजही बरोबर नाही, कारण खाली जायला वाटच नसेल तर पाणी त्या गिट्टीतच साचते. अशा जमिनीत खोल खणण्याऐवजी रुंद खणावे: साधारण एक मीटर लांब-रुंद आणि केवळ फूट-दीड फूट खोल. त्यात निघालेली माती दोन भाग, मुरूम किंवा नदीची भरड वाळू एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग असे मिश्रण भरावे आणि आसपासच्या जमिनीपेक्षा निदान एक फूट उंच असा उंचवटा तयार करावा. बारीक वाळू कधीही मिसळू नये, कारण चिकण मातीबरोबर ती आवळून येते. मिश्रणात अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड टाकल्यास मातीतल्या किडींना आळा बसतो. कच्चे शेण तर मुळीच घालू नये, कारण त्याच्या उष्णतेने मुळे पोळतात आणि उधई (वाळवी) हमखास लागते.

खणण्याचे काम एप्रिल-मे महिन्यांत उरकून माती उन्हात तापू द्यावी आणि मिश्रण रोहिणीच्या शेवटी भरून ठेवावे, म्हणजे मृगाच्या पावसाने ते बसते आणि किती खचले ते लागवडीपूर्वीच कळते.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घेतली पाहिजे. तिथले विहिरीचे व बोअरचे पाणी खारट असते आणि ते सतत दिल्याने मातीत क्षार साठून या वेलीची पानेच प्रथम जळतात. तिथे छतावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून तेच या एका वेलीसाठी राखून ठेवावे, आणि ते शक्य नसेल तर जमिनीत लावण्याचा आग्रह सोडून मोठ्या मातीच्या कुंडीत वेल वाढवावी, कारण कुंडीतली माती दर दोन वर्षांनी बदलता येते. माती आणि पाणी यांची तपासणी जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात करून घेतली तर अंदाजावर चालावे लागत नाही.

रोप निवडताना

बियांपासून तयार केलेले रोप स्वस्त मिळते, मात्र त्याला फुले यायला तीन-चार वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. गुटी कलमाचे किंवा दाब कलमाचे, म्हणजे फांदीला वेलीवरच मुळे फोडून तयार केलेले, रोप त्या मानाने बरेच लवकर फुलते, म्हणून चार पैसे जास्त देऊन तेच घ्यावे. हिरवा चाफा म्हणून कधीकधी यलंग-यलंगचे रोप विकले जाते. तेही याच कुळातले आणि सुगंधी आहे, मात्र ते झाड होते, त्याच्या पाकळ्या अरुंद, लांब आणि लोंबणाऱ्या असतात आणि त्याला आकडे मुळीच नसतात. रोप वाढलेले असेल तर फांदीवर एखादा तरी वाकडा आकडा शोधावा, आणि लहान असेल तर रोपवाटिकेतील मातृवेल पाहायला मागावी. पिशवीच्या तळातून गुंडाळी झालेली जाड मुळे बाहेर आलेली असतील तर ते रोप घेऊ नये. बाहेरगावाहून आणलेले रोप आठ-दहा दिवस आपल्या अंगणात सावलीत ठेवून इथल्या हवेला सरावू द्यावे.

लागवड

मृगाच्या पहिल्या सरीत घाई करून लावण्यापेक्षा पाऊस स्थिर झाल्यावर, म्हणजे पुनर्वसू ते पुष्य नक्षत्राच्या काळात, साधारण जुलैमध्ये लागवड करावी. जूनमध्ये पावसाने पंधरा दिवस दडी मारली की नवे रोप उन्हात सापडते, आणि ऑगस्टच्या पुढे गेले तर थंडीपूर्वी मुळे पसरायला पुरेसा वेळ मिळत नाही. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळची वेळ निवडावी.

पिशवी कापून रोप मातीच्या गोळ्यासह उचलावे. गोळ्याचा वरचा पृष्ठभाग उंचवट्याच्या मातीपेक्षा बोटभर वरच राहील असे ते बसवावे, कारण भुसभुशीत माती पुढे खाली बसते आणि खोड मातीत गाडले गेले तर त्याची साल कुजते. कलमाचे रोप असल्यास मुळे फुटलेली जागा मातीत असावी, त्याहून वरचा भाग नसावा. माती हाताने दाबावी, पायाने तुडवू नये. शेजारी दोन बांबूच्या काठ्या रोवून त्यांना सुतळीने रोप सैल बांधावे, आणि बांधताना सुतळी काठी व खोड यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवावी म्हणजे वाऱ्याने साल घासली जात नाही.

वरूड, मोर्शी, काटोल या भागातले संत्रा बागायतदार खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करतात, आणि तीच पद्धत या वेलीलाही अतिशय मानवते. खोडाभोवती मातीचा लहान उंच कडा करून त्याच्या बाहेर दुसरे रुंद आळे करावे आणि पाणी नेहमी त्या बाहेरच्या आळ्यातच द्यावे. वेल वाढेल तसे आळे दरवर्षी बाहेर सरकवत न्यावे, कारण पाणी पिणारी कोवळी मुळे खोडाजवळ नसून पसाऱ्याच्या कडेला असतात.

शेळ्या आणि वासरे यांच्यापासून संरक्षणासाठी लागवडीच्या दिवशीच काट्यांचा किंवा जाळीचा कठडा करावा.

पहिले तीन उन्हाळे

पोळ्यापर्यंत रोपाने मूळ धरले की पहिली परीक्षा थंडीत येते. हिरवा चाफा कडाक्याची थंडी पसंत करत नाही, आणि विदर्भात ती अधूनमधून पडते: 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. मोठी वेल अशा रात्री काही कोवळे शेंडे गमावून सावरते. लहान रोपावर मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्री जुन्या धोतराचे किंवा गोणपाटाचे आच्छादन काठ्यांवर टाकावे आणि सकाळी काढावे. थंडीत वाढ जवळजवळ थांबते, तेव्हा आठवड्यातून एकदाच पाणी पुरते.

फेब्रुवारीच्या अखेरीस काही जुनी पाने पिवळी होऊन गळतात. सदाहरित वेलसुद्धा पाने बदलतेच, फक्त सगळी एकदम टाकत नाही, म्हणून या गळतीने घाबरून खताचा मारा करू नये. याच सुमारास उन्हाळ्याची तयारी सुरू करावी. आळ्यात सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार, गव्हांडा, धानाच्या भागात तणस, किंवा नुसता पालापाचोळा असे चार बोटे जाड आच्छादन पसरावे आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. आच्छादनाखाली उधईची माती दिसू लागली तर ते उचलून उन्हात पसरावे, निंबोळी पेंड मिसळावी आणि मग पुन्हा घालावे. आच्छादनाचा सर्वांत मोठा लाभ काळ्या जमिनीत होतो, कारण मातीला भेगा पडणे थांबते. भेग पडते तेव्हा ती मुळे तोडत जाते आणि खोलवरचा ओलावाही हवेत उडून जातो, हे नुसती वरची माती ओली करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मार्चच्या मध्यापासून रोपाच्या पश्चिमेला व वर तुराट्यांचा कूड किंवा 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी आणि पूर्वेची बाजू उघडी ठेवावी. जाळी पानांना टेकू नये, निदान हातभर अंतर असावे. हा आडोसा पहिले तीन उन्हाळे अवश्य करावा, त्यानंतर वेल स्वतःच्या दाट पानोळ्याने आपल्या मुळांवर सावली धरते.

पाण्याचा एकच नियम सगळ्यांना लागू करता येत नाही. हलक्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यांत एक दिवसाआड पाणी लागते, तर आच्छादन केलेल्या काळ्या जमिनीत तीन-चार दिवसांनी दिलेले भरपूर पाणी पुरते. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे, आत ओल लागली तर पाणी देऊ नये. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे जुन्या मडक्याचा उपाय सर्वोत्तम आहे: बाहेरून तेलरंग न दिलेले मातीचे मडके खोडापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरून तोंडावर झाकणी ठेवावी. पाणी मडक्यातून झिरपत हळूहळू मुळांपर्यंत जाते आणि थेंबही उडून जात नाही. न्हाणीचे पाणी द्यायचे असल्यास त्यात कपड्याच्या सोड्याचा व साबणाचा अंश नसावा, कारण आधीच चुनखडीच्या असलेल्या जमिनीच्या अल्कधर्मीपणात तो भर घालतो. भर दुपारी पानांवर पाणी मारू नये, मात्र संध्याकाळी उशिरा पानांवरची धूळ धुऊन काढल्याने वेलीला खरोखर आराम पडतो.

मांडव आणि बांधणी

पूर्ण वाढलेली वेल लाकडासारखी जड होते आणि पावसाने भिजल्यावर तिचे वजन आणखी वाढते, तेव्हा दोरीच्या किंवा नुसत्या काटक्यांच्या आधारावर तिला सोडू नये. कुंपणाचे सिमेंटचे खांब दोन फूट जमिनीत पुरून सात-आठ फूट उंचीचा मांडव करावा आणि आडव्या पट्ट्यांसाठी बांबू वापरावा. बांबूच जमिनीत पुरला तर दोन-तीन पावसाळ्यांत उधई तो पोखरते, वर आडवा बांधलेला मात्र बराच टिकतो आणि बदलायलाही सोपा असतो. लोखंडी पाइप वापरायचाच असेल तर वेल टेकणाऱ्या जागी त्याला सुतळी गुंडाळावी, कारण तापलेल्या पाइपला चिकटलेला कोवळा शेंडा करपतो. जिथे वानरांच्या टोळ्या येतात तिथे मांडव घराच्या छताला जोडू नये. छतावरून मांडवावर सरळ उडी मारण्याची सोय झाली की फांद्या आणि पट्ट्या दोन्ही मोडतात.

सुरुवातीला वेलीला आकडे नसतात, त्यामुळे ती स्वतः चढत नाही आणि झुडपासारखी आडवी पसरते. अशा वेळी दोन किंवा तीन सशक्त फांद्या निवडून त्या मांडवापर्यंत बांधत न्याव्यात आणि तळातून येणारे इतर फुटवे लवकर काढावेत. फांद्या मांडवावर पोहोचल्यावर त्या सरळ पुढे पळू न देता आडव्या, पंख्यासारख्या पसरवून बांधाव्यात, कारण आडव्या फांदीच्या जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फूट निघते. मांडव करायचा नसेल तर शेंडे खुडत राहून हिरवा चाफा झुडूप म्हणूनही ठेवता येतो, आणि लहान अंगणासाठी मला ते रूप अधिक सोयीचे वाटते.

खत आणि छाटणी

मोठ्या वेलीला वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि पावसाच्या सुरुवातीला, प्रत्येकी एक घमेले कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरेशी होते. युरिया टाळावा. त्याने पाने मोठी आणि लुसलुशीत होतात, फुले मागे पडतात आणि त्या कोवळ्या पानांना ऊन व कीड दोन्ही लवकर लागतात. संत्र्याला बहारासाठी जसा पाण्याचा ताण देतात तसा ताण हिरव्या चाफ्याला कधीही देऊ नये.

छाटणी थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करावी आणि ती हलकीच असावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि मांडवाखाली अंधारात गेलेल्या फांद्या काढाव्यात. आकडे धरलेल्या निरोगी फांद्या नीटनेटकेपणासाठी सरसकट कापणे म्हणजे येणारी फुलेच कापणे होय. फार वाढलेली जुनी वेल आटोक्यात आणायची असेल तर एका वर्षी एक तृतीयांश फांद्या, असे तीन वर्षांत काम पूर्ण करावे. जाड कापांवर बोर्डो मलम लावावे: एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या पाच-पाच लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावा, आणि थोडेच लागत असेल तर याच प्रमाणात कमी करावा. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे असावे, लोखंडाचे नसावे. एप्रिलनंतर कात्री मुळीच लावू नये, कारण पानांच्या सावलीत वाढलेली साल एकाएकी उघडी पडून उन्हाने तडकते.

खोडाचा तळाकडचा दोन फूट भाग नेहमी मोकळा व स्वच्छ ठेवावा. सुगंधी फुलांना साप भुलतात ही समजूत गावोगावी आहे, आणि ती खरी नसली तरी दाट पसाऱ्याखाली उंदीर, बेडूक आणि गारवा असला की त्यांच्या मागे साप येऊ शकतो, त्यामुळे तळ मोकळा ठेवण्याची खबरदारी योग्यच आहे.

काही बिघडले तर

चुनखडीच्या जमिनीत सर्वाधिक दिसणारे लक्षण म्हणजे नव्या पानांचा पिवळेपणा, ज्यात शिरा मात्र हिरव्या राहतात. जमिनीत लोह असते, परंतु विम्लतेमुळे, म्हणजे जमिनीच्या अल्कधर्मीपणामुळे, ते मुळांना मिळत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारावे. कायमचा उपाय मात्र दरवर्षी भरपूर सेंद्रिय खत घालणे हाच आहे. याउलट खालची जुनी पाने पावसाळ्यात एकदम पिवळी पडून गळू लागली आणि माती चिखलासारखी असली, तर मुळांशी पाणी साचले आहे असे समजून उंचवट्याच्या बाजूने चर काढून द्यावा.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कोवळ्या शेंड्यांवर व पानांच्या मागे बसतात आणि मुंग्यांची ये-जा वाढली की त्यांची चाहूल लागते. थोडी कीड असेल तर ओल्या फडक्याने पुसावी. जास्त असेल तर अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, दहा लिटर द्रावण करावे, त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी फवारणी करावी. पानांच्या कडा खाणारी हिरवी, गुळगुळीत अळी दिसली तर तिला मारण्याची घाई करू नये. ती बहुधा काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असणाऱ्या चपळ फुलपाखराची असते, जे मुख्यतः या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. मोठ्या वेलीला तिचा काहीच त्रास नसतो, आणि रोप लहान असेल तर अळी अलगद उचलून शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारातल्या उंच, सरळसोट अशोकावर सोडावी, कारण ते झाडही तिचे खाद्य आहे.

चार-पाच वर्षे होऊनही फुले आली नाहीत तर बहुतेक वेळा सावली फार होते आहे किंवा छाटणी जास्त झाली आहे. वरच्या झाडाच्या एक-दोन फांद्या कमी करून सकाळचे ऊन मिळवून द्यावे आणि एक वर्ष कात्री बाजूला ठेवावी.

फुले आणि नवी रोपे

मुख्य बहर उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत असतो. हिरवे फूल तोडले तर वास फारसा मिळत नाही, पूर्ण पिवळे झालेले लवकर गळते, म्हणून पाकळ्यांवर पिवळसर झाक आली की देठाजवळ नखाने खुडावे आणि आकडा वेलीवर तसाच राहू द्यावा. खुडलेले फूल पाण्याच्या वाटीत ठेवले की खोलीभर सुवास दरवळतो, आणि कपड्यांच्या पेटीत ठेवण्याची जुनी पद्धतही तितकीच चांगली आहे.

शेजारीपाजारी रोपे द्यायची असल्यास जुलै-ऑगस्टमध्ये गुटी बांधावी. पेन्सिलीएवढ्या जाडीची, एक वर्षाची, निरोगी फांदी निवडून तिच्यावर एक इंच रुंदीची साल गोलाकार काढावी आणि आतला बुळबुळीत थर चाकूने खरवडून टाकावा, कारण तो राहिला तर साल पुन्हा जुळते व मुळे येत नाहीत. वरच्या कडेला मुळे फुटण्याची आयबीएची पावडर लावून, भिजवून पिळलेले शेवाळ मूठभर गुंडाळावे आणि पारदर्शक प्लॅस्टिकने दोन्ही टोकांना घट्ट बांधावे. दोन-तीन महिन्यांत प्लॅस्टिकमधून तपकिरी झालेली मुळे दिसू लागली की फांदी एकदम न तोडता गुटीच्या खाली आधी अर्धा काप घ्यावा आणि आठवड्याने उरलेला काप पूर्ण करावा. मग अर्धी पाने काढून रोप पिशवीत लावावे आणि ते तो हिवाळा व पुढचा उन्हाळा घराच्या सावलीतच ठेवून पुढच्या जुलैमध्ये जमिनीत लावायला द्यावे. वेलीवर पिवळी पिकलेली फळे धरली असतील तर त्यांतले ताजे बीही पेरता येते. ते दिवसभर पाण्यात भिजवून लगेच पेरावे, कारण वाळवून ठेवलेले बी भरवशाचे नसते, आणि उगवायला कित्येक आठवडे लागत असल्यामुळे तोवर कुंडीतली माती ओलसर ठेवावी व ती कुंडी दुसऱ्या कामाला घेऊ नये.